अकराव्या हाताची जागा

माझा थोरला भाऊ न्यामवेया गेला, त्याला अठरा दिवस झाले होते. त्याने उन्हाळाभर खालून पोखरलेली शिळा खाणीत तशीच होती. मागची बाजू डोंगरात, पुढची हवेत, आणि खाली माणूस पालथा सरकायला दोन बोटं कमी पडेल अशी फट. शंखजिऱ्याची अखंड गुलाबी शिळा. असा दगड आमच्या किसीच्या टेकड्यांत आता फारसा निघत नाही.

जमीनमालक माकोरी छत्री घेऊन खाणीच्या काठावर आला. आकाश निरभ्र होतं, तरी छत्री उघडलेली.

"पाऊस पडेपर्यंत इथून दगड निघाला नाही, तर खाण परत माझी. तुमच्या बापाशी असंच ठरलं होतं," तो ओन्सारेला म्हणाला.

"अजून तीन आठवडे आहेत," ओन्सारे म्हणाला.

"मुंग्यांना विचार. त्या कालपासून अंडी घेऊन वर चालल्यात."

ओन्सारे माझ्या भावाचा थोरला मुलगा. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. माकोरी गेल्यावर त्याने शिळेखालची माती बोटांनी चाचपून पाहिली. चिकणमाती होती. ती भिजली की शिळा आपली आपण खाली बसणार आणि खाणीचं तोंड बुजणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. एकदा खाण गेली की आमच्या दोन चुलींना दुसरं काही नव्हतं. बाया दगड घासायच्या, पुरुष दगड काढायचे, एवढंच येत होतं.

आम्ही शिळा उचलायचो ती निलगिरीच्या वाशाने. बारा हात लांबीचा वासा. एक टोक शिळेच्या कडेखाली, तिथून एक हातावर टेकूचा दगड, आणि उरलेले अकरा हात उताराच्या बाजूला हवेत. माणसांनी वाशावर लटकून तो खाली ओढायचा, शिळा चार बोटं उचलायची, आणि तेवढ्यात एकाने आत सरकून पाचरा बसवायच्या. पाचरा बसवणारा नेहमी रातेमो. न्यामवेयाचा धाकटा मुलगा, अंगाने वेतासारखा.

वाशावरची जागा म्हणजे घरातली जागा होती. शेवटच्या टोकाला, अकराव्या हातावर, न्यामवेया. आठव्या हातावर ओन्सारे. मी चौथ्यावर. मी चहाच्या मळ्यांत बावीस वर्षं पानं खुडून उशिरा घरी परतलो, म्हणून टेकूजवळ. माझ्या पुतण्यापेक्षा माझी पत कमी होती आणि त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही.

कर्ता माणूस गेला की वाशावरची त्याची जागा रिकामी ठेवायची, अशी आमच्या खाणीतली चाल. नव्या नाचणीची बियर त्या जागी सांडेपर्यंत तिथे कोणी हात लावायचा नाही. खाली डोंगरात त्याच्यासाठी कोरलेली पायरी असते, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. नवी नाचणी यायला तीन महिने होते. बाप गेला तेव्हा ओन्सारे दगड घेऊन दूरच्या बाजाराला गेला होता, परत आला तेव्हा माती टाकून झाली होती. तेव्हापासून उरलेलं सगळं तो फार नेमाने पाळत होता. डोकं दोनदा भादरलं होतं. एकदा पुरलं असतं.

"बाप एक होता. मी दोन माणसं आणतो," तो म्हणाला.

त्याने ओम्बाती आणि न्याबुटो अशा दोघांना आणलं. शेजारच्या खाणीतले, दोघेही दणकट. ओम्बातीला पाचव्या हातावर उभं केलं, न्याबुटोला तिसऱ्यावर.

"पुरणार नाही," मी म्हणालो.

"काका, तुम्ही मोजायला शिकलात हे चांगलंय," ओन्सारे म्हणाला. "पण हे वहीत नाही, इथे आहे."

ओम्बाती हसला. "काका, कोणत्या वर्गात आहात आता?"

"तिसऱ्या."

"पुढच्या वर्षी लग्न करायला हरकत नाही मग."

रविवारी प्रार्थना झाल्यावर मिशनच्या देवळाच्या पडवीत बोचाबेरी बाई आम्हा म्हाताऱ्यांना शिकवायच्या. मी अक्षरं शिकलो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. अक्षरांपेक्षा मला आकड्यांची गोडी लागली. बाईंनी एकदा पट्टी दोऱ्याने टांगली आणि तिच्यावर खडे ठेवले. टेकूपासून दूर ठेवलेला एक खडा जवळच्या तीन खड्यांना उचलतो, हे मी हातांनी आयुष्यभर केलं होतं, पण ते मोजता येतं हे माहीत नव्हतं. वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर. बाईंचा शब्द अवघड होता, मी त्याला कल म्हणायचो.

त्या दिवशी आम्ही चौघे वाशावर लटकलो. वासा वाकला, कुरकुरला, आणि शिळा हलली नाही. न्याबुटोच्या मानेच्या शिरा फुगल्या. ओन्सारे ओरडला, "अजून!" अजून काही नव्हतं. मग शिळेच्या आतून आवाज आला, ओल्या कपड्याला पीळ दिल्यासारखा. न्याबुटोने हात काढून घेतले.

"ही रडतेय. तुमच्या बापाला शोधतेय," तो म्हणाला. त्याने सदरा उचलला आणि चालता झाला. ओम्बाती गेला नाही. त्याच्या बायकोला आमच्या वहिनींनी दोन बाळंतपणांत सांभाळलं होतं.

आम्ही बसलो. रातेमोने पाचरांचा ढीग पायाने सारखा केला. "काका, सांगा आता. तुमच्या पोटात जे आहे ते बाहेर काढा, नाहीतर गॅस होईल."

मी काटकीने दगडाच्या भुकटीत आकडे मांडले. मागच्या महिन्यात न्यामवेया असताना शिळा चार बोटं उचलली होती. तेव्हा अकरा, आठ आणि चार, म्हणजे तेवीस. तेवीसला ही शिळा उठते. आज आठ, पाच, चार आणि तीन, म्हणजे वीस. एक माणूस गेला त्याचे अकरा गेले. दोन माणसं आली त्यांचे आठच आले.

ओन्सारे भुकटीकडे बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण बोटांवर तो माझ्याबरोबर मोजत होता.

"माणसं मोजून चालत नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"मग अकरावर कुणी पाहिजे."

"हो."

"ते होणार नाही."

रातेमो म्हणाला, "हात लावायचा नाही ना? मग दोरी लावू. फास वरून टाकू, हात लागणारच नाही. खाली बाया बसतात त्या सपाटीवरून ओढायची."

ओन्सारेने मान वर केली. "दोरी म्हणजे हात नव्हे," तो सावकाश म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काका, हिशेब?"

घरी आल्यापासून त्याने मला काही विचारलं नव्हतं. मी काटकी पुन्हा उचलली. दोरी वाशाच्या टोकाला, म्हणजे अकरा हात. दोन बाया मिळून दीड माणसाएवढं ओढतात, म्हणजे साडेसोळा. सोळाच धरले. ओन्सारेचे आठ, ओम्बातीचे पाच, माझे चार. एकूण तेहतीस.

"तेवीस पाहिजेत, तेहतीस आहेत," मी म्हणालो. "दहा जास्त."

"बापापेक्षा जास्त?"

"जास्त."

त्या संध्याकाळी न्यामवेयाच्या बायकोने, गेसारे वहिनींनी, मला सगळ्यांत आधी वाढलं. नाचणीचा उंडा, वर कडू पाल्याची भाजी. एरवी ओन्सारेनंतर माझी पाळी यायची. त्यांचं भादरलेलं डोकं चुलीच्या उजेडात लहान दिसत होतं.

"भावोजी, आत माझा रातेमो जाणार."

"हो वहिनी."

"हिशेब बरोबर आहे ना?"

"दोनदा केलाय."

त्यांनी भाजी अजून वाढली. मी खाल्ली.

सकाळी धुकं होतं. शंखजिऱ्याचा दगड कोरडा असतानाही हाताला बुळबुळीत लागतो. धुक्याने ओला झाला की त्याच्यावर माशी टिकत नाही. रातेमोने वाशाचं टोक शिळेखाली घातलं आणि बाहेर येऊन तळवे पँटला पुसले.

"कढीत बुडवल्यासारखं झालंय सगळं," तो म्हणाला.

"ऊन पडू द्यायचं का?" मी विचारलं.

ओन्सारेने वर पाहिलं. पश्चिमेला सरोवराच्या बाजूला ढगांची काळी कड आली होती. "नको," तो म्हणाला.

रातेमोने फास दोनदा टाकला, तिसऱ्यांदा तो वाशाच्या टोकात बसला. दोरी उताराने खाली गेली, न्यामवेयाच्या पायरीवरून पलीकडे, थेट सपाटीवर. तिथे ओन्सारेची बायको बितुतू आणि रातेमोची बायको केरुबो उभ्या होत्या. रोज त्या तिथेच पाण्याचं घमेलं घेऊन दगड घासतात. वहिनी काठावर बसल्या. सुतकात त्यांना खाणीत उतरता येत नव्हतं.

"काय गं, ओढशील ना?" रातेमोने वरून विचारलं. "का मला आत ठेवून दुसरा बघशील?"

"दुसरा बघून ठेवलाय," केरुबो म्हणाली. "तो बडबड करत नाही." तिने तळहातांवर थुंकी टाकून दोरी धरली.

आम्ही लटकलो. बायांनी ओढलं. वासा खाली आला.

शिळा उठली. पण जशी उठायला हवी होती तशी नाही. तेवीसवर चार बोटं उठलेली शिळा मी पाहिली होती, तेव्हा ती सुकर उठली होती. आज तेहतीस होते आणि ती रडतखडत वर आली, दीड बोट, दोन बोटं, माझ्या दंडाचं मांस थरथरत होतं. मला ते जाणवलं. दहा जास्त असताना एवढं जड का, असा प्रश्न स्पष्टपणे माझ्या डोक्यात आला. मी बोललो नाही. आकडे माझे होते.

"उठली!" ओन्सारे ओरडला. "जा!"

रातेमो पालथा झाला आणि पाचर पुढे ढकलत आत सरकला. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग पाय. डाव्या बाजूला पाचर बसल्याचा ठोका ऐकू आला.

मी खाली दोरीकडे पाहिलं. इतका वेळ मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. न्यामवेया लटकायचा तेव्हा त्याचं वजन सरळ खाली जायचं. दोरी सरळ खाली जात नव्हती. ती वाशाच्या रोखानेच उताराकडे पळत होती, जेमतेम थोडी खाली झुकून. बाया वासा खाली ओढत होत्या, त्याहून जास्त बाहेर ओढत होत्या. बाईंच्या पुस्तकात असं तिरक्या दोरीचं एक चित्र होतं. त्यात अंतर टेकूपासून दोरीच्या गाठीपर्यंत मोजलं नव्हतं. टेकूपासून दोरीच्या रेषेवर सगळ्यात जवळच्या वाटेने, काटकोनात, एक तुटक रेघ काढली होती. गाठ कितीही लांब असली तरी तीच रेघ खरी. ते पान आमचं झालं नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, पुढच्या रविवारी.

मी नजरेने तशी रेघ काढून पाहिली. अकरा हात नव्हते. पाच, साडेपाच. सोळाचे आठ. आम्ही तेहतीसवर नव्हतो, पंचवीसवर होतो, आणि वासा प्रत्येक ओढीला सरकत होता, म्हणून तेही पुरते लागत नव्हते. टेकूच्या दगडावर वाशाने पांढरा ओरखडा काढला होता. मी बघत असताना तो बोटभर वाढला.

"रातेमो, बाहेर ये," मी म्हणालो.

"काय?" आतून आवाज आला.

"बाहेर ये!"

"उजवी राहिलीय काका. एकीवर कशी ठेवू? ही काय कोंबडी आहे एका पायावर उभी राहायला?"

"काका, गप राहा!" ओन्सारे दातांतून म्हणाला. "ओढा गं खाली! ढिली पडतेय!"

"ओढू नका!" मी ओरडलो.

खाली बायांना दोन्ही ऐकू आलं. केरुबोने ओन्सारेचं ऐकलं. नवरा आत होता. तिने टाचा रोवून अंग मागे टाकलं.

वासा सुटला. तो माझ्या काखेतून बाहेर गेला, सदरा आणि कातडी घेऊन. ओम्बाती आडवा पडला. बाया उताण्या पडल्या आणि वासा त्यांच्या दिशेने चार हात घसरून अडकला. शिळा खाली आली तेव्हा मोठा आवाज झालाच नाही. धप्प झालं, नाचणीचं पोतं टाकल्यासारखं.

डाव्या पाचरेने शिळा अर्धी धरली होती. उजवी बाजू बसली होती. रातेमोचं डोकं आणि छाती पाचरेच्या बाजूला होती. उजवा पाय गुडघ्याखाली दिसत नव्हता.

काही वेळ तो ओरडलाच नाही. मग म्हणाला, "दादा, माझा बूट अडकलाय." त्याच्या पायात बूट नव्हते.

केरुबो उतारावरून हातापायांवर चढत आली. ओन्सारे शिळेच्या कडेला दोन्ही हात लावून उचलायला लागला, तीन हजार किलोच्या दगडाला, हातांनी. ओम्बातीने त्याला मागे खेचलं. पाचर करकरत होती. ती लाकडाची होती आणि तिच्याखालची माती ओली होती.

"वासा आणा," मी म्हणालो. आम्ही वासा उचलून परत टोक आत घातलं. मी टेकूवरचा ओलावा सदऱ्याने पुसला, भुकटी निसरडी म्हणून वर वाळू टाकली. मग टेकूपासून कोपराने हात मोजायला लागलो. एक, दोन, तीन.

"मोजत काय बसलाय!" केरुबो किंचाळली. "मेला तो! मोजत काय बसलाय तुम्ही!"

मी मोजत राहिलो. एकदा न मोजता मी हो म्हटलं होतं.

"ओम्बाती, तू इथे. आठ," मी म्हणालो. "मी पाचवर. दोरी नको. दोरी सोडा. अकरावर माणूस पाहिजे, सरळ खाली लटकलेला. नाहीतर उठणार नाही."

वाशाचं टोक हवेत होतं, त्याच्याखाली न्यामवेयाची पायरी. दोन्ही टाचांच्या जागी दगड झिजून खळगे पडलेले.

ओन्सारे उभा होता. त्याचे हात गुलाबी भुकटीने माखले होते. "मी आठवर लटकतो. ओम्बातीला माझ्याच बाजूला घेऊ, दोघे आठवर..."

"दोघे आठवर मावत नाहीत," मी म्हणालो.

"मावतील."

"दादा," रातेमो आतून म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "दादा, ती पाचर बोलतेय."

वरून वहिनींचा आवाज आला. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"ओन्सारे, लटक तिथे."

"आई, नाचणी अजून..."

"लटक. नाहीतर मी खाली येते आणि लटकते. मग माझंही सुतक पाळत बस."

ओन्सारेने पायरीवर पाय ठेवला. आधी एक, मग दुसरा. त्याने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी वाशाचं टोक पकडलं. मग त्याने वजन टाकलं. सगळं.

आम्ही तिघे खाली आलो. अकरा, आठ, पाच. चोवीस. शिळा एक बोट उठली, दोन बोटं उठली. टेकूवर वासा सरकला नाही. माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. केरुबो आणि बितुतूने रातेमोला काखेत धरून ओढलं. तो आता ओरडला. बाहेर आला तेव्हा पाय सोबत आला, पण पाऊल भलतीकडे बघत होतं आणि बोटं निळसर होती. केरुबोने अंगावरचं फडकं फाडून गुडघ्याखाली आवळला.

"सोडा," मी म्हणालो.

ओम्बाती आणि मी सोडलं. पाचर फुटली आणि शिळा पूर्ण बसली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. खाणीचं तोंड अर्धं बुजलं.

रातेमोला दगड घासायच्या फळीवर घेतलं. पुढे ओम्बाती, मागे बितुतू, बाजूला केरुबो पाय धरून. मिशनचा दवाखाना टेकडीच्या पलीकडे होता, तासाभराची वाट. वहिनी काठाकाठाने त्यांच्याबरोबर चालल्या. रातेमो फळीवर काहीतरी बोलत होता आणि केरुबो त्याला गप राहा म्हणत होती. मग तो खरंच गप झाला आणि ती त्याला बोल, बोल म्हणायला लागली. ते वळणाआड गेले. ढगांची कड आता डोक्यावर आली होती.

मीही निघालो, मग ओन्सारे मागे आला नाही हे लक्षात आलं.

तो वाशाच्या टोकालाच होता. आम्ही सोडल्यावर शिळेने वासा वर उडवला होता आणि तो सोबत वर गेला होता. पाय पायरीपासून हातभर वर, हवेत. शिळा खाली बसली होती, आता उचलायला काही नव्हतं, तरी तो लटकून होता.

"सोड, ओन्सारे."

"सुटत नाहीत."

मी खाली उतरलो आणि पायरीवर चढलो. माझ्या टाचा त्या खळग्यांत सैल बसल्या. त्याची बोटं वाशात रुतली होती, नखं पांढरी पडली होती.

"हिशेबात काय चुकलं काका?"

"दोरी तिरकी होती. मी सरळ धरली."

"किती कमी होते?"

"आठ."

त्याने मान हलवली, जणू आकडा ओळखीचा होता. मी त्याच्या डाव्या हाताची करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट. डावा हात सुटला तेव्हा तो उजव्यावर गर्रकन फिरला आणि त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. मी उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत गेलो, आणि शेवटचं बोट सुटलं तेव्हा त्याचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं.